देवगिरीच्या राजाचा शब्द

राम राम मंडळी! असं इकडेतिकडे काय बघताय? मीच बोलतोय. निफाडच्या वाटेवर, द्राक्षबागेच्या कडेला, पायऱ्यांच्या जुन्या बारवेपाशी मातीत पाय रोवून उभा आहे ना, तोच मी काळा दगड. लोक मला म्हसोबा म्हणतात. म्हणोत बापडे! माझं खरं नाव गधेगळ. हसलात ना? खुशाल हसा, पण मी राजाचा माणूस आहे एवढं ध्यानात ठेवा.

माझा जन्म झाला तेव्हा देवगिरीवर यादव राजे होते. त्यांचं मूळ आपल्याच मुलखातलं, सिन्नर-चांदवडकडचं. पाथरवटाने माझ्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरले. त्याखाली राजाची आज्ञा कोरली, की ही बारव आणि भोवतीची जागा वाटसरूंना आणि गुराढोरांना दिली, चंद्रसूर्य आहेत तोवर. आणि तळाशी एक चित्र कोरलं. ते सांगायची मला आजही लाज वाटते. एक गाढव आणि एक बाई. जो कोणी ही जागा बळकावील, त्याच्या आईची अशी विटंबना होईल, असा तो शाप. दंड नाही, फटके नाहीत, थेट आई!

मला उभं केलं त्या दिवशी राजाचा अधिकारी घोड्यावरून आला. नगारा झडला, आज्ञा वाचली, सगळा गाव हात जोडून उभा राहिला. बाप रे, काय तो थाट! वाटसरू सांगायचे, राजाचे हत्ती दिवसच्या दिवस चालतात तरी राज्याची शीव लागत नाही. मी दगड, पण माझ्याही अंगावर काटा यायचा. मला वाटायचं, एकवेळ सूर्य विझेल, पण हे राज्य नाही विझायचं.

आणि मग एक दिवस धूळ उडवत माणसं पळत आली. उत्तरेच्या सुलतानाचा पुतण्या देवगिरीवर चालून आला होता आणि राजाची फौज भलतीकडेच गेली होती. किल्ल्यावर धान्याची म्हणून चढवलेली पोती फोडली तर आत मीठ निघालं, असं बारवेवर पाणी पिता पिता लोक सांगत. पुढे राजाच्या जावयाने शेवटची तलवार उपसली, तोही मारला गेला. त्यानंतर माझी आज्ञा वाचायला कोणी आलंच नाही.

हळूहळू माझी अक्षरंही कोणाला लागेनात. पण तहानेला राजा लागत नाही. लोक बारवेवर येत राहिले, पाणी पीत राहिले. कोणाचा तरी नवस फळला, त्याने मला शेंदूर फासला आणि मी म्हसोबा झालो. थरावर थर चढले. चंद्रसूर्य गेले, अक्षरं गेली, ते चित्रही झाकलं गेलं. खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

आता या अलीकडच्या गोष्टीवर येतो. नव्वदच्या सुमाराला इकडे घरोघरी द्राक्षबागा झाल्या. बारवेच्या एका अंगाला वाळूची बाग, दुसऱ्या अंगाला त्याच्या चुलतभावाची, सहादूची. वाळूची आई आक्काबाई दर अमावास्येला मला शेंदूर लावायची. नवी नवरी होऊन आली तेव्हापासूनचा तिचा नेम. लेक मात्र दर नांगरटीला वीतभर बांध कोरायचा. राजांना मुलूख घ्यायला घोडदळ लागायचं, आमच्या वाळूला एक नांगर पुरला! त्याच्या वेली सरकत सरकत पार माझ्या अंगाला येऊन भिडल्या.

एका उन्हाळ्यात वाळूने जेसीबी आणला. बारव बुजवून तिथंही वेली लावायच्या, असा त्याचा बेत.

"अरे, मेंढरंवाले येत्यात, गुरं येत्यात. त्यांनी कुठं जायचं?" सहादू आडवा आला.

"बोअर घ्या म्हणावं! अन म्हसोबाला मी रस्त्याच्या कडंला ओटा बांधतो, टाइल्स लावतो. देव खूश, आपण खूश."

सहादूचा तोल सुटला. "वाळ्या, तुझ्या मायला गाढव लागो!"

मी चपापलो. राजाची आज्ञा! अक्षरं बुजली, राज्य बुडालं, पण ती शिवी होऊन या माणसांच्या तोंडात जिवंत होती. आणि त्यांना ठाऊकही नव्हतं.

"ए, आईवर जायचं काम नाय!" वाळू ओरडला आणि त्याने चालकाला खूण केली. चालक समाधानने लोखंडी पंजा माझ्या खांद्याला लावला. हिसका बसला, मी कलंडलो आणि अंगावरचं शेंदराचं जाड कवच तडकून खाली पडलं.

समाधानने इंजिन बंद केलं. मी उघडा पडलो होतो, चित्रासकट.

गलका ऐकून आक्काबाई आली होती. ती खाली वाकली, पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि बघत राहिली.

"काकी, नका बघू ते," सहादू म्हणाला.

"आत्ता तूच म्हणालास ना, त्येच कोरलंय हितं. म्हंजी ही जागा घेणाऱ्याची माय." ती लेकाकडे वळली. "वाळू, ही बाई मी हाय का रं?"

"आई, कायतरीच काय! लय जुनं हाय ते. राजे मेले, त्यांचा शाप बी मेला."

"राजा मेला, पण माय जित्ती हाय ना!"

एवढं बोलून ती बारवेच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसली. "घाल माती," म्हणाली. आवाजात राग नव्हता. मी देवगिरीचा दरारा पाहिलाय, पण त्या म्हातारीपुढे मला तोही फिका वाटला.

वाळूने मान खाली घातली. मग त्याने समाधानला हाताने जायला सांगितलं, कुदळ उचलली आणि स्वतःच्या बागेतली कडेची वेल उपटली. फळावर आलेली वेल होती हो! तिच्या मागची उपटली, तिच्याही मागची. बारवेच्या जागेची मूळ शीव लागेपर्यंत तो मागे सरत गेला. सहादू पहार घेऊन आला आणि दोघा भावांनी मला खांदा लावून उभं केलं.

पुढच्या अमावास्येला आक्काबाई शेंदराची वाटी घेऊन आली. मला वाटलं, आता झाकेल बिचारी ते चित्र. तिने फक्त चंद्रसूर्याला शेंदूर लावला. सून सुवर्णा म्हणाली, "आत्याबाई, खालचं झाकायचं राहिलं."

"ऱ्हाऊ दे उघडंच," आक्काबाई म्हणाली. "बघणाऱ्याला आपली माय आठवंल."

आक्काबाई आता नाही. बारवेला पाणी आहे, मेंढरं येतात, आणि अमावास्येला वाळू येतो. तोही वरच्या चंद्रसूर्यालाच शेंदूर लावतो. चित्राकडे मात्र त्याला बघवत नाही.

तेव्हा मंडळी, या वाटेने आलात तर पाणी पिऊन जा, ते राजाने तुम्हालाच दिलंय. आणि कधी वीतभर बांध कोरावासा वाटला, तर मला भिऊ नका, मी काय, दगड! आधी घरी जा आणि आईच्या तोंडाकडे बघून या.