स्ताली नावाची बाई

मी वल्ह्याची खुंटी बोलतेय. गोंडोल्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या लांब निमुळत्या नावेच्या, काठावर मी उभी असते आणि वल्हं माझ्या बाकात टेकवून नाव हाकतात. माझं रूप कोपर मुडपून उभ्या राहिलेल्या बाईसारखं आहे, असं लोक म्हणतात. त्या रूपापायी एका घरात पन्नास वर्षं मला सवत म्हणून राहावं लागलं.

मी मूळची व्हेनिसची. दुइलिओ नावाच्या कारागिराने मला अक्रोडाच्या लाकडातून तासली. तेव्हा तो ऐन पंचविशीतला होता आणि काम करताना सारखा शिट्टी वाजवायचा. आमच्यात खुंटी माणसाच्या मापाने करतात. माझा धनी ओलिंदो उंच होता, उजवा पाय जरा आत टाकायचा. ते सगळं निरखून दुइलिओने माझा बाक काढला. म्हणून मी ओलिंदोशिवाय कुणाच्याच कामाची नव्हते. नाव घाटावर बांधलेली राही, पण मला तो रोज काखेत मारून घरी नेई.

आमच्याकडचे कालवे अरुंद. दोन्ही अंगांना घरांच्या भिंती, त्यामुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही. म्हणून वळायच्या आधी मोठ्याने हाक द्यायची. डावीकडे वळायचं तर ‘प्रेमी’, उजवीकडे वळायचं तर ‘स्ताली’. समोरून कुणी येत असेल तर तो ऐकतो आणि सावरतो. ही हाक विसरणारा नावाडी आमच्यात निपजत नाही. त्या दिवशी ओलिंदोही विसरला नव्हता.

त्या दिवशी त्याने अबोला धरला होता. धाकट्या भावाने, गिल्दोने, त्याचा नवा निळा स्वेटर न विचारता नाचाला घालून नेला आणि त्यावर माशाचं कालवण सांडलं. एवढंच कारण. सकाळी धुकं होतं. ओलिंदो मागे वल्हं मारत होता, गिल्दो पुढे उभा राहून त्याला चिडवत होता.

“बोल की रे! एका स्वेटरसाठी तोंडाला कुलूप? दुपारपर्यंत टिकलास तर दोन घेऊन देईन.”

वळण आलं. वल्हं माझ्यावर उजवीकडच्या वळणासाठी दाबलं गेलं. आता हाक येईल म्हणून मी वाट पाहिली. ओलिंदोचे ओठ घट्ट मिटलेले होते. हाक दिली असती तर ‘बोललास की नाही!’ म्हणून गिल्दो हसला असता. धुक्यातून विटांनी भरलेला मालवाहू पडाव आला आणि गिल्दो पडाव आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. मी लाकूड आहे, तरी तो आवाज मला अजून ऐकू येतो.

महिन्याभरात ओलिंदोने गाव सोडलं. सोबत मला एकटीला घेतलं, जुन्या टॉवेलात गुंडाळून. दूरच्या तोरिनो शहरात, मोटारींच्या कारखान्यात, त्याला रात्रपाळी मिळाली. तिथेच पिएराशी लग्न झालं. तो मूळचा व्हेनिसचा एवढं तिला ठाऊक होतं, पण आपण नावाडी होतो हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. भावाबद्दल तर चकार शब्द नाही.

रात्रपाळी करून तो सकाळी झोपे आणि झोपेत ओरडे, “स्ताली! स्ताली!”

“कोण ही स्ताली?” पिएराने विचारलं. तो उठून सज्ज्यात जाऊन उभा राहिला. तिने परत विचारलं, तो परत सज्ज्यात गेला. मग तिने मला टॉवेलातून बाहेर काढलं.

“आणि ही कोण?”

“लाकूड आहे.”

“लाकडाला कुणी असं जपून ठेवतं? तिनंच दिली ना ही?”

तो पुन्हा सज्ज्याकडे वळला. पिएराने मला शेगडीशेजारी उभी केली आणि माझ्यावर ओलं फडकं टांगलं. “इथंच राहा म्हणावं, हात वर करून,” ती म्हणाली. पुढे मुलगी झाली, ओर्नेला. पण नवराबायकोचं बोलणं ‘जेवण वाढलंय’ आणि ‘दिवा मालवा’ एवढ्यावरच आलं. फरशी पुसली की पुसणं माझ्या गळ्यात. मला राग यायचा, पण तिच्या जागी कुणीही असतं तर तेच केलं असतं. मला सगळं ठाऊक होतं आणि तोंड नव्हतं. ओलिंदोला तोंड होतं.

गेल्या मार्चमध्ये ओलिंदो गेला. थडग्याच्या दगडावर त्याचं नाव कोरलं आणि शेजारी पिएरासाठी जागा मोकळी सोडली. ती बघून पिएरा म्हणाली, “इथं माझं नाव नको. मला माझ्या आईबापांशेजारी पुरा. झोपेत पन्नास वर्षं तिला हाका मारत होता, आता मातीत पण ऐकू?”

ओर्नेला एका शाळेत स्वयंपाक करते. अठ्ठेचाळीस वर्षांची झाली, पण एकटीने प्रवास असा तिने केलेला नव्हता. तिला दोघांचीही माया. “आई, मी व्हेनिसला जाऊन त्या बाईला शोधते,” ती म्हणाली.

“जा. तिची वस्तू तिला परत कर. कशी दिसते तेही बघून ये. मग बघू, दगडाचं काय करायचं ते.” पिएराचं हृदय अधू झालं होतं. वाट बघायला फार दिवस नव्हते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

अशी मी त्याच टॉवेलात, पिशवीत बसून माहेरी आले. स्टेशनाच्या पायऱ्यांवर पाण्याचा वास आला तेव्हा शेगडीच्या उबेने सुकलेलं माझं अंग हलकेच फुगलं. ओर्नेला मात्र घाबरली होती. पायऱ्यांवर तिने पिशवी छातीशी धरली आणि रस्ता विचारायलाही तिला शब्द सापडेनात.

आधी ती नगरपालिकेच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने यादी चाळली आणि सांगितलं, असं नाव नाही. मग एका चर्चमध्ये गेली, तिथले पाद्री म्हणाले, “पोरी, हे नाव आमच्याकडचं नाही. पोलंडची आहे का कुणी?” तीन वेळा फिरून ती एकाच विहिरीपाशी आली. गल्ल्या तिला पाण्याशी नेऊन सोडायच्या आणि तिथेच संपायच्या. दुपारी दमून ती एका पुलाच्या पायरीवर बसली आणि घरून आणलेला पाव काढला. घास तोंडात होता, तेवढ्यात पुलाखालून आवाज आला.

“ओऽए! स्ताऽली!”

पाव पाण्यात पडला. ओर्नेला काठाने धावत सुटली. “अहो! थांबा! कुठंय ती?”

गोंडोलेवाल्याने वल्हं रोखलं. “कोण, बाई?”

“स्ताली! आत्ता हाक मारलीत ना?”

“ती? उजवीकडे!”

ओर्नेलाने उजवीकडे पाहिलं. तिथे शेवाळलेली भिंत होती. नावेतले प्रवासी हसले, गोंडोलेवालाही पोट धरून हसला. “अहो ताई, बाई नाही ती! स्ताली म्हणजेच उजवीकडे! वळणावर ओरडायचं असतं, नाहीतर एकमेकांच्या उरावर बसू!”

ओर्नेलाने पिशवी उघडली. तिने टॉवेल सोडून मला वर धरलं. गोंडोलेवाल्याचं हसू गेलं.

“ही कुठून आणलीत? हा तर दुइलिओचा हात आहे. म्हातारा अजून जिवंत आहे. पुढचा पूल ओलांडा, हिरवं दार. मोठ्याने बोला. ऐकू येतं त्याला, पण ऐकत नाही कुणाचं.”

दुइलिओ म्हातारा झाला होता, शिट्टी वाजवायला दात उरले नव्हते. मला हातात घेऊन त्याने अंगठा माझ्या बाकात फिरवला आणि म्हणाला, “ओलिंदो.”

मग त्याने ओर्नेलाला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. धुकं, स्वेटर, अबोला, गिल्दो. त्याच दिवशी ओलिंदो मला हातात धरून भिजलेल्या कपड्यांनी या दुकानात आला होता. “एकच शब्द होता रे, दुइलिओ,” एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होता. दोघांच्या आईने त्याला दोष दिला नाही, गावानेही दिला नाही. त्याने स्वतःच तो घेतला आणि घेऊन गेला.

ओर्नेला बराच वेळ रडली. मग तिने आईला फोन लावला.

“सापडली का?” पिएराने विचारलं.

“आई, स्ताली बाई नाही. स्ताली म्हणजे उजवीकडे.”

“काय उजवीकडे?”

ओर्नेलाने सांगितलं. अडखळत, पण काही न गाळता.

“त्याला भाऊ होता?” पिएरा म्हणाली.

“हो. बावीस वर्षांचा.”

“आणि मी तिच्यावर फडकी टांगत होते. तो रोज समोर बसून जेवत होता.” मग तिचा आवाज चढला. “एकदा बोलायचं होतं मेल्यानं! एकदा! मी काय त्याला खाऊन टाकणार होते?” खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “कशी देतात ती हाक? दे बघू.”

दुकानाची खिडकी कालव्यावर उघडते. ओर्नेलाने लाजत, हळूच म्हटलं. दुइलिओ ओरडला, “असं नाही! भिंतीपलीकडच्याला ऐकू गेलं पाहिजे!” तेव्हा तिने मला छातीशी धरलं, खिडकीतून बाहेर वाकली आणि सगळं बळ लावून हाक दिली.

“स्ताऽली!”

वळणापलीकडून, न दिसणाऱ्या एका नावेतून, लगेच उत्तर आलं. “स्ताऽली!” आणि भाजीने भरलेली एक नाव भिंतीला धरून, सावकाश, कुणालाही न लागता वळून आली.

फोनवर पिएराने दोन्ही हाका ऐकल्या. “असंच,” ती म्हणाली. “अगदी असंच ओरडायचा. पण त्याला कधी कुणी उत्तर दिलं नाही.” मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्यासाठी रडली.

आता संध्याकाळ झाली आहे. दुइलिओने मला जवसाचं तेल चोळलं आहे, पन्नास वर्षांचा फडक्यांचा वास त्याने निघाला. नातवाच्या नावेला मला लावून बघतो म्हणाला, पण माझा बाक दुसऱ्या कुणाला जुळायचा नाही. उद्याच्या गाडीने मी तोरिनोला परत जातेय. पिएराचा निरोप आलाय: दगडावरच्या मोकळ्या जागेत आपलं नाव कोरायला सांगितलंय, आणि तिला नीट गुंडाळून आण.

मी लाकूड, मी काय मागणार? रुसायचं असेल तर खुशाल रुसा, दुपारपर्यंत काय, चार दिवस रुसा. फक्त वळण आलं की तेवढी हाक द्या. आणि पलीकडून कुणी हाक दिली, तर ओ द्या.