बाबांचं तरंगणं

दरवर्षीसारखे आम्ही जानेवारीत ब्राझीलमधल्या बाहियाच्या किनाऱ्यावर सुट्टीला आलो. मला आणि माझ्या भावाला, एडमिल्सनला, बाबांनी इथंच पोहायला शिकवलं होतं. यंदा त्यांचे पाय बधिर झाले होते. हा बधिरपणा वर चढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते.

आम्ही त्यांना उचलून पाण्यात उताणं झोपवलं.

"आता सोडा मला."

"बुडाल, बाबा!" एडमिल्सन म्हणाला.

"भित्र्या! मी तुला असा कवटाळून बसलो होतो का?"

त्यानं हात काढले. मी मात्र त्यांच्या पाठीखाली तळवा घट्ट टेकवून ठेवला.

बाबा आभाळाकडं बघत मला हसून म्हणाले, "बघ जुसारा, कुणी धरलेलं नाही, तरी तरंगतोय!"

माझा हात त्यांना कळतच नव्हता. मी भावाकडं पाहिलं, तर त्यानं तोंड फिरवलं.