सुपाची मान

तीन वाजले की चांगुणाच्या मोटारीचं अवसान गळायचं. मनगटाएवढी धार बोटाएवढी व्हायची, मग थेंब थेंब, मग नुसतीच घरघर. कांद्याचे शेवटचे आठ वाफे रोज कोरडे राहायचे. त्यांची पात शेंड्याकडून पिवळी पडत चालली होती, अन् चांगुणा फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून ते पिवळेपण बघत राहायची. हाच सौर पंप वैशाखात साडेपाचपर्यंत पाणी ओकत होता. आता पौष. आभाळ कसं घासल्या ताटासारखं, ढगाची चिंधीसुद्धा नाही, तरी पाण्याची रड.

कंपनीच्या माणसाला फोन केला की तो म्हणायचा, "पॅनल पुसा, ताई." तिनं पुसले. रोज पुसले. एखाद्या दिवशी स्वतःचं तोंड धुवायचं राहिलं असेल, पॅनलचं नाही राहिलं.

मग एकदा पाच वाजता तिचा दीर हनुमंत रानात आला. पॅनलवर बांधावरच्या कडुलिंबाची सावली पडलेली त्यानं बघितली, अन् उभ्या उभ्या निकाल दिला.

"वहिनी, चोर हितं हाय. लिंब पाडा."

नवरा गहिनीनाथ साखर कारखान्यावर गाळपाच्या पाळीला. घरी यायचा तो निजण्यापुरता. कुशीवर वळता वळता म्हणाला, "पाडा एकदाचा." चांगुणानं नुसती मान हलवली. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो.

दोन एकरांत सावली तेवढी एकच. बारा वाजता तिथं भाकरी सोडायची, बुंध्याला पाठ लावायची अन् घटकाभर कुणाची कुणी नसल्यासारखं डोळे मिटायचे. दिवसभरात तेवढंच तिचं स्वतःचं. ते आज पडायचं होतं.

अडीचला लाकूडतोड्या दिलावर झाडकापणीचं मशीन खांद्यावर टाकून आला.

"वहिनी, आधी दोर बांधू का आधी चहा?"

"दूध न्हाई. बसा तरी."

"आमी बसलो की झाडाचं आयुष्य वाढतं," तो म्हणाला अन् बसला.

चांगुणाही बसली. जवळ सुपात फडकं पसरून धुतलेले तीळ वाळत ठेवले होते, संक्रांतीचे. सुपाकडं हात जाताच तिनं सवयीनं त्याच्या मागच्या कडेखाली दगड सरकवला अन् सूप दक्षिणेकडं तिरपं केलं. ओले तीळ फडक्याला चिकटून राहिले. तिची आई असंच करायची अन् गुणगुणायची. तेच सूर्यनारायणाचं गाणं चांगुणाच्या ओठांत आलं:

*नारायण गेला बाई दक्षिणंच्या माहेराला*
*मान वर कर सुपा, तोंड दाव पाहुण्याला*

"गेला म्हंजी किती लांब गेला गं बाई," ती उसासली. "ऊन हाय, पर ऊन लागत न्हाई."

"लांब न्हाई!" दिलावर हसला. "आमची पोर कैनात शाळंत शिकून आली. म्हनती, अब्बा, ह्या दिसांत सूर्य उलटा जवळ आसतो. पृथ्वी कललेली हाय. थंडीत आपली बाजू त्याच्याकडनं कलती, म्हनून ऊन तिरपं पडतं अन् पातळ हुतं. मी म्हनलं, तुझ्या मास्तरला ताप आलाय."

चांगुणानं सुपाखालचा दगड नीट केला. म्हणाली, "खरं आसंल. नुसतं जवळ आसून काय उपेग? तोंड तिकडं पायजे."

तेवढ्यात पलीकडं मोटार घरघरली. तीन वाजले. तिची नजर सवयीनं पॅनलवर गेली, मग जमिनीवर. लिंबाची सावली पॅनलपासून अजून दहा पावलं लांब होती.

"दिलावरभाई, सावली बगा. तिकडं पोचलीच न्हाई, अन् मोटार तर बसली."

"तुमी मला झाड पाडाया बोलावलं का झाडाची वकिली ऐकाया?"

पण ती उठली होती. एकदा सुपाकडं बघितलं, एकदा पॅनलकडं. दोन खांबांवर चार-चार पॅनल वैशाखात बसवले तसेच होते, आभाळाकडं तोंड करून, जवळजवळ आडवे. पाट्यावर पापड पसरावेत तसे. त्या दिवसांत नारायण थेट डोक्यावर होता. आता तो तिकडं, अन् हे अजून वर बघत बसलेले.

ती खाली वाकली. स्टँडच्या वाकड्या पट्टीला पॅनल कमीजास्त तिरपे करायला तीन भोकं होती. बोल्ट पहिल्यात. बाकीच्या दोहोंत कुंभारमाशीनं मातीची घरं बांधलेली. बसवणारा सांगून गेला असेल, नसेलही. त्या दिवशी सगळ्यांना पहिलं पाणी बघायची घाई होती.

"पाना हाय का तुमच्यापाशी?"

दिलावरनं पाना काढला, गंजल्या बोल्टावर मशीनचं तेल सोडलं अन् कुरकुरतच पॅनलला खांदा दिला. "झाड पाडाया आलो अन् काच उचलतोय. घरी सांगू नका." त्यानं एकेका खांबावरचे पॅनल उचलून धरले, तिनं तिसऱ्या भोकातली माती उकरून बोल्ट घातला. दोन्ही खांबांवरच्या पॅनलनी दक्षिणेकडं मान वर केली.

मोटार खोकली. बोटाएवढी धार आली, मग मनगटाएवढी.

दिलावरनं मशीन पुन्हा खांद्यावर घेतलं. "हनुमंतरावाला काय सांगू?"

"सांगा, करवतीला दात न्हाईत."

तो हसत गेला. ती मात्र हसली नाही. पाणी आलं होतं, म्हणजे आठ वाफे आले होते. एकेकाचं दारं फोडून पाणी आत घ्यायचं, वाफा भरला की बुजवायचं. पाय गारठ्यानं लाकूड झाले, कंबर बोलायला लागली. पाणी चालतंय तोवर बाईनंही चालायचं, याला उपाय नव्हता. सातवा भरला. आठवा काठोकाठ आला तेव्हा पाच वाजले होते.

लिंबाची सावली हळूच पॅनलवर चढली. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली.

चांगुणानं फावडं टेकवलं अन् लिंबाकडं बघितलं. शेवटचं घटकाभर पाणी तो खरंच चोरत होता. हनुमंताचं तेवढं खरं होतं.

हे कुणाला सांगायचं नाही, असं ठरवून ती बुंध्याशी जाऊन बसली.