बोसा नोव्हा आणि उमाजीचा ढोल

उमाजीनं कडब्याच्या आगीवर ढोल शेकला, त्याच्या चामडी पानावर टिचकी मारून पाहिली आणि मान डोलावली.

"बस, आता एकच थाप हाण," बन्सीधर म्हणाला.

बन्सीधर पेडगावच्या ऑर्केस्ट्रा पार्टीचा मालक. त्यानं नवा कॅसिओ कीबोर्ड आणला होता, आणि त्यात 'बोसा नोव्हा' नावाचं एक बटण होतं. कुठल्या मुलखाचा ठेका, देव जाणे! पण त्या डुलत्या ठेक्यावर धनगरी ओवी अशी काही बसली, की पार सोनपेठेपासून लग्नाच्या सुपाऱ्या यायला लागल्या. गळा बन्सीधरचा, ढोल उमाजीचा.

"एकच कशापायी? पुरा फेर वाजवितो की."

"मशीनमदी भरून ठिवायला एकच लागतीय. पर तुझी सगळ्यात भारी दे."

उमाजी हरखला. बापानं शिकवलेली थाप आजवर कुणी अशी जपून ठेवायला मागितली नव्हती. ढोलाच्या पाया पडून त्यानं ती दिली. बन्सीधरनं पट्टी दाबली, तर पेटीतून तीच थाप, जशीच्या तशी!

"आरं, ह्यो तर मीच हाय!" उमाजी लेकरावानी हसला.

चार दिवसांनी गावातल्या माणिकरावांच्या घरच्या लग्नात तो तांबडा पटका बांधून, ढोल घेऊन उभा राहिला.

"ढोल टेम्पोतच ऱ्हाऊ दे," बन्सीधर म्हणाला. "तू तेवढे स्पीकरचे बॉक्स उचल."

"मंग वाजवायचं कुणी?"

"तूच की!" बन्सीधरनं पट्टी दाबली. थाप पडली. पार्टीतले सगळे फिदीफिदी हसले.

दुपारभर उमाजी बॉक्सच्या मागं दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. पुढं त्याचीच थाप पडत होती, न दमता, न घामेजता. कॅसिओ उचलून आडात टाकावा, असा राग आला. पण भरल्या मांडवात तमाशा नको, म्हणून जागचा उठला नाही.

लग्न वाजवून आला की त्याचे तळवे सुजायचे, आणि बायको बानूबाई ते कोमट तेलानं चोळून द्यायची. त्या संध्याकाळीही ती वाटी घेऊन बसली.

"आज लय भारी वाजविलं तुमी. मी मागं बायकांत बसले व्हते. दिसंना काई, पर थाप वळखली. एकबी चुकली न्हाई. आना हात."

उमाजीनं हात पुढं केले. तिचा अंगठा तळव्यावर फिरता फिरता थांबला.

"आज सुजले न्हाईत."

"न्हाई."

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग पुन्हा तेलात बोटं बुडवली.

"दुखायलेत का?"

"लय," उमाजी म्हणाला.