भोकं नसलेला कोबी

बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, तपासणीतून नाही. गावाबाहेरच्या शेतावरून दर आठवड्याला भाजी घ्यायची की नाही, हे ठरवायला इमारतीतल्या तीस घरांनी त्यांनाच धाडलं, तेव्हा त्यांचा गुडघाही दुखायचा थांबला. पर्समध्ये लाल पेन, वहीत प्रश्न: पाणी किती, खत कसलं, फवारणी कशाची?

शेतमालकीण फाटकातच हसली. "ओळखलंत का बाई? मी सातवी ब."

बाईंना हुशार मुलं तेवढी आठवत. "हो तर! न ओळखायला काय झालं?" त्यांनी बेधडक थाप मारली.

तपासणी झकास सुरू झाली. पाणी थेंबाथेंबाने झाडांच्या मुळाशी पडत होतं. मातीचा कस टिकावा म्हणून दोन ओळींमध्ये शेंगा लावल्या होत्या. बाईंनी मूठभर माती उचलली, तर त्यातून गांडूळ निघालं. बाई किंचाळल्या, पण गुण पुरे दिले.

मग आला अंगणातल्या टेबलावर ओळीने मांडलेला कोबी. एका पानाला भोक असेल तर शपथ! बाईंच्या भुवया वर गेल्या. एकही चूक नसलेला पेपर कॉपी करूनच लिहिलेला असतो, या विश्वासावर त्यांनी उभी हयात काढली होती.

"काय गं, तुझ्याकडच्या अळ्यांनी उपास धरलाय का?"

"आम्ही काही फवारत नाही, बाई."

"मग हा असा कसा?"

तिने नुसतीच कोबीवरची माती झटकली. बाईंनी शेरा लिहिला: भरवसा नाही. तो वाचून तिचा चेहरा पडला. "असं नका करू बाई. तुमची तीस घरं गेली तर मला पुन्हा ठोक व्यापाऱ्याच्या दारात जावं लागेल. त्याला फवारलेला, चकचकीत मालच लागतो."

बोलताना तिची नजर दोनदा सामानाच्या खोलीकडे गेली. बाईंच्या नजरेतून असलं काही सुटतं होय? त्यांनी जाऊन सरळ दार उघडलं.

आत कोबीचा ढीग होता. पानापानाला भोकं. वर एक गुबगुबीत अळी निवांत जेवत बसली होती.

"अगं, हाच तर पुरावा! हा का लपवलास?"

"तपासणी होती ना." ती मिश्किल हसली. "तपासणीच्या दिवशी कच्च्या पोरांना कोठीच्या खोलीत बसवायचं, हे तुमच्याकडूनच शिकले. आम्ही पाच जण असायचो. मी दाराजवळ."

बाईंना ती खोली लख्ख आठवली. कडी त्या स्वतः लावत. चेहरा मात्र एकही आठवेना. त्यांना फार लाज वाटली.

"उजेड होता का गं तिथे?"

"फटीतून यायचा."

बाईंनी शेरा खोडला. मग पदर खोचून एकेक गड्डा बाहेर आणला आणि अंगणातल्या टेबलावर अगदी पुढच्या ओळीत मांडला. शेतमालकीण "अहो बाई, राहू द्या" म्हणत मागे मागे फिरत राहिली.

शेवटी बाई धापा टाकत बसल्या. त्यांनी वहीचं कोरं पान काढलं.

"नाव सांग तुझं," त्या म्हणाल्या. "मघाशी मी खोटं बोलले."