कॅसेटमधला खोकला

देवळीत अजूनही म्हणतात, निकेशच्या बायकोनं बँड मोडला. म्हणोत. पण झालं काय, तेही एकदा ऐकून घ्या.

निकेश माझा नवरा. कॉलेजात असतानाच त्यानं आणि स्वप्निलनं बँड काढला होता. गावातल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या भोंग्यावरून नाव ठेवलं 'भोंगा'. सिनेमाची गाणी वाजवायची नाहीत, हा बाणा. डब्यात सरकी घालून हलवायचे, एसटीची घंटी वाजवायचे, वरून कॅसिओ आणि स्वतःची गाणी. समुद्रपूरच्या गणपतीत लोक ओरडले, "अबे, गाणं कवा सुरू करता?" तेव्हा पुढे बसून टाळ्या वाजवणारी मी एकटीच होते. हे कोणी सांगत नाही.

पुढे आमची गुंजन झाली. दीड वर्षाची असताना तिला दम लागायला लागला. माझा हात सारखा तिच्या छातीवर. त्या हिवाळ्यात मीच तापानं पडले, तेव्हा निकेश म्हणाला, "तू आतल्या खोलीत पड. मी पाह्यतो तिले." मला केवढं बरं वाटलं. दोन-तीन दिवसांत पोरीला वर्ध्याला भरती करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलं. निकेश म्हणाला, एकाएकी वाढलं. मी विश्वास ठेवला.

गुंजन बरी झाली. उन्हाळ्यात नागपूरच्या एका कॅसेट कंपनीनं 'भोंगा'चं एक गाणं पसंत केलं. छापायची पक्की कॅसेट पाठवायच्या आधी स्वप्निलनं ते आमच्याकडे लावलं. सासूबाई गहू पाखडत होत्या, निकेश टेपजवळ बसला होता. सरकीची सळसळ, मग शिट्टीसारखा एक श्वास, मग खोकला. पुन्हा श्वास, पुन्हा खोकला. त्यावरच सगळा ठेका.

माझ्या पोरीचा खोकला मला ओळखू येणार नाही?

आणि त्याच्या मागे, पुसट, माझाच आवाज: "अहो, गुंजन खोकलून राह्यली काय?"

मग निकेशचा: "नाई, मस्त झोपली. तू पड."

"भाऊजी, आवाज वाढवा," मी म्हणाले.

"वहिनी, कंपनीवाल्याले हाच तुकडा आवडला," स्वप्निल खुशीत म्हणाला. "असा ठेका मशीनमधून निघतच नाई."

त्यानं मागे घेऊन पुन्हा लावलं, जोरात. सासूबाईंचं सूप थांबलं.

"निक्या, पोरगी अशी घरघरून राह्यली होती, अन् तू तिले झोपली म्हणतं?"

"माय, तसा आवाज पुन्हा भेटला नसता."

"पोरगी भेटली असती?" मी विचारलं.

टेप फिरतच होती.

"पाठवा कॅसेट," मी म्हणाले. "मी अडवत नाही. फक्त आपलं दोघांचं बोलणं असंच मोठ्यानं राहू द्या. कापायचं नाही, दाबायचं नाही."

"राहू दे ना बे," स्वप्निल म्हणाला. "भारीच वाटते ते."

निकेशनं कॅसेट काढली, खिशात घातली. नागपूरची गाडी गेली. तो गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

स्वप्निल आता लग्नाच्या ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवतो आणि भेटेल त्याला सांगतो, वहिनीनं घात केला. मी तर पाठवा म्हटलं होतं. निकेशला हे चांगलं माहीत आहे. चौकात विषय निघाला की तो चहाचा कप खाली ठेवतो आणि पैसे देऊन उठतो.