सूर्यावर न पडलेले डाग

मित्रांनो, मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे आणि मला शिसारी आली आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी ‘किती ही किरकिर!’ म्हणायला नको.

एका भिंगकाराने बोळातल्या खोलीत मला घडवलं. माझं मोठं भिंग त्याने सात महिने घासलं. बायकोने जेवायला हाक मारली की “आलोच” म्हणायचा आणि ताट निवून जायचं. इतक्या मायेने घडलेली मी! माझ्या बहिणींना चंद्र मिळाला, ग्रह मिळाले. माझ्या वाट्याला सूर्य आला. त्याच्याकडे माझ्यातून थेट बघायचं नाही हं, डोळा कायमचा जातो. म्हणून माझ्या मागे पांढरा कागद लावतात. त्यावर सूर्याचं वाटीएवढं बिंब पडतं आणि बिंबावर काळे डाग दिसतात. ते पेन्सिलीने गिरवायचे आणि मोजायचे, एवढंच काम.

वेधशाळेतल्या निरीक्षक बाईंनी ते एकतीस वर्षं केलं. सकाळी आठला जिना चढून यायच्या, डबीतून डोळ्याकडचं छोटं भिंग काढायच्या, मला बसवायच्या आणि पेन्सिलीला टोक करायच्या. ताप असो, घरी लग्न असो, खाडा नाही. त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून मीही शहाणी झाले. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांत वाढतात आणि ओसरतात. डाग वाढले की सूर्य कणभर जास्त तापतो. कणभर म्हणजे हजारातला जेमतेम एक भाग! त्याने पृथ्वीची हवा तापते, पण अंशाच्या दहाव्या हिश्शाइतकीच. फार पूर्वी एकदा सत्तरेक वर्षं डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. तेव्हा काही प्रदेशांत हिवाळे कडक झाले, त्यात मंदावलेल्या सूर्याचाही थोडा हात होता म्हणतात. तर सूर्य बदलतो आणि त्याचा थोडा परिणाम आपल्यावर होतो, हे खरं.

आता किळसवाणा भाग. वेधशाळेचे प्रमुख म्हणजे आमचे साहेब. त्यांना पाहुण्यांपुढे मला मिरवायची भारी हौस. तळलेलं खाऊन आलेले पाहुणे माझ्या छोट्या भिंगावर अंगठा टेकवायचे. शी! तो तेलकट, कोमट अंगठा! मग शिपाईकाका टेबलावर सांडलेला चहा ज्या फडक्याने पुसायचे, त्याच ओल्या फडक्याने मला पुसायचे. त्या तेलावर बुरशी धरली. बारीक, काळपट, ठिपक्याठिपक्यांची. माझ्या अंगावर!

बाईंच्या लक्षात आली असती, पण तीन वर्षांपूर्वी साहेबांनी मोटर बसवली. आधी पृथ्वी फिरते म्हणून बिंब कागदावरून सरकत जायचं आणि बाई मला सारख्या ढकलत बसायच्या. मोटर मला सूर्यामागे फिरवू लागली आणि बिंब जागचं हलेना. टाळ्या वाजल्या. बुरशीचे ठिपके त्या स्थिर बिंबावर हुबेहूब डागांसारखे दिसू लागले. छोटं भिंग रोज नव्याने बसवलं जाई, त्यामुळे ठिपकेही रोज नव्या जागी. बाईंची नजर थकत चाललेली. त्या इमानाने गिरवत राहिल्या.

“दुसऱ्या वेधशाळांचे आकडे कमी येतात,” बाई एकदा म्हणाल्या.

“त्यांची भिंगं मंद असतील हो. आपली दुर्बीण तिखट आहे!” साहेब म्हणाले.

आणि मी फुशारले. माझीच मला किळस येते ती इथे.

मग शहरात हवा तापवणाऱ्या कारखान्यांच्या धुराविरुद्ध सभा ठरली. साहेबांनी आमच्या आकड्यांचा मोठा आलेख रंगवून घेतला. सूर्यच भडकलाय, धुराची उगीच बदनामी, असं ते सांगणार होते.

सभेच्या दिवशी सकाळी वीज गेली. मोटर थांबली. बिंब सरकू लागलं. चार डाग त्याच्याबरोबर निघाले. एकोणीस जागचे हलले नाहीत. सूर्याचा काठ त्यांच्यावरून निघून गेला, तरी ते आपले तिथेच!

बाईंनी मला पुन्हा सूर्यावर आणलं आणि छोटं भिंग गोल फिरवलं. एकोणीसही ठिपके गोल फिरले.

“अगं बाई,” त्या मटकन स्टुलावर बसल्या. “तीन वर्षं मी बुरशी गिरवली.”

साहेब धावत आले. “आज सभा आहे, बाई. उद्या बघू.”

“चूक माझी आहे, साहेब.”

“मग तर गप्पच बसा की! दोन महिन्यांनी निवृत्ती. एकतीस वर्षांवर पाणी फिरवताय का?”

“म्हणजे सूर्याला डाग पडले ते माझ्या फडक्यानं!” शिपाईकाका म्हणाले. साहेबांनी असं बघितलं, की काका जिन्यातच गडप.

संध्याकाळी बाईंनी छोटं भिंग रुमालात गुंडाळलं आणि सभेला नेलं. साहेबांनी आलेख उलगडताच त्या उठल्या आणि ते भिंग पहिल्या रांगेत दिलं.

“ई! हे काय?” एक मावशी ओरडल्या.

“आलेखातले डाग,” बाई म्हणाल्या. “मी काढलेले. माझी तीन वर्षांची नोंद रद्द धरा. गेल्या काही दशकांत सूर्याचा ताप वाढलेला नाही, हवा मात्र तापतेच आहे. तिचं खापर सूर्यावर फोडू नका.”

“मग तुमचं आता खरं काय मानायचं?” मागून कुणीतरी टोमणा मारला. लोक हसले.

बाईंनी मागे वळून सांगितलं, “पुसून बघितलेलं असेल तेवढं.”

साहेबांनी आलेख गुंडाळला. माझं भिंग तेवढ्यात हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. प्रत्येकाने नाक मुरडलं आणि प्रत्येकाने नवा अंगठा उमटवला. शी!

दुसऱ्या दिवसापासून बाई तीन वर्षांचे कागद काढून बसल्या. एकेकावर स्वतःच्या हाताने ‘रद्द’ लिहिलं आणि खाली सही केली. या कामाला निवृत्तीपर्यंतचे दोन महिने पुरले.

मित्रांनो, माझ्या भिंगाला बोट लावू नका. लावलंच, तर निदान कबूल करा. बुरशी तासाभरात निघते हो. मला ओकारी येते ती बुरशी दिसल्यावरही आलेख उलगडणाऱ्यांची.